तीन बोटं सावली

प्रिय दोरिओन,

अक्षर ओळखलंस का? ओळखायला हवंस, फुटक्या खापऱ्यांवर तूच गिरवून घेतलंयस. तरी एकतीस वर्षं काही थोडी नव्हेत, म्हणून सांगते: मी सिएनेची मिर्ताले, छावणीच्या विहिरीवरच्या लंगड्या पासिओनची मुलगी. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली. विहीर आता मी सांभाळते. लग्न झालं होतं, नदीच्या खडकाळ ओढीतून होड्या काढणाऱ्या पखनूमशी. तोही गेला, पाण्यात नव्हे, तापाने. एक मुलगी आहे, ताएसे, माझ्याहून उंच आणि माझ्याहून तोंडाळ, म्हणजे बघ. माझा डावा डोळा दुधाळ झालाय, उजवा अजून काम देतो. एवढी ओळख पुरे. तुझी ओळख मला कुणी करून द्यायला नको, कारण गेले आठ दिवस उठता-बसता तुझंच नाव कानावर पडतंय.

नाव घेणारा तुझाच शिष्य, तिमार्खोस. आल्या आल्या विहिरीच्या काठाला हात लावून डोळ्यांना लावला आणि मला म्हणाला, "आजी, आमचे गुरुजी इथेच ओणवे होऊन बघत होते ना? नक्की कुठल्या बाजूला?" पन्नाशीतल्या बाईला आजी म्हणतो, पण मनाने निर्मळ आहे. मी बोट दाखवलं त्या जागी जाऊन तो स्वतः ओणवा झाला. मला तिथे उभं राहवेना. घरात येऊन उगाच मसुराची भांडी घासत बसले. हा पपायरसही त्याच्याकडूनच मागून घेतलाय. म्हटलं, जुन्या ओळखीच्या माणसाला चार ओळी लिहायच्यात. त्याने चांगले ताव काढून दिले, वर विचारलं, "आजी, तुम्हाला लिहिता येतं?" येतं म्हटलं. कुणी शिकवलं ते सांगितलं नाही.

तो का आलाय हे तुला माहीतच असेल, पण मला जे कळलं ते लिहिते, म्हणजे मी हे पत्र का लिहायला घेतलं ते समजेल. तो म्हणाला, रोडसहून आलेल्या कुणा गृहस्थाने अलेक्झांड्रियात भर सभेत विचारलं, की सिएनेला वर्षातल्या मोठ्या दिवशी भर दुपारी सावली पडत नाही हे पाहिलं कुणी? एका कोवळ्या पोराच्या शब्दावर पृथ्वीचा घेर ठरवून मोकळे झालात होय? तेव्हा म्हणे तू उठलास आणि सगळ्यांदेखत शपथेवर म्हणालास, मी पाहिलंय, ह्या डोळ्यांनी. त्यावर तो गृहस्थ म्हणाला, मग एकदा दुसऱ्या डोळ्यांनाही पाहू द्या. म्हणून तिमार्खोस आलाय. सावली निघाली तर तू सभेत खोटी शपथ घेतलीस असं होणार, तुझी जागा जाणार, आणि एकतीस वर्षं तू जे शिकवलंस त्यावर लोक हसणार. तिमार्खोस मला हे सगळं भाकरी खाता खाता सांगत होता, अगदी निर्धास्त, कारण सावली निघेल असं त्याच्या मनातही नाही. मी माझी भाकरी तशीच झाकून ठेवली. मोठ्या दिवसाला आज नऊ दिवस राहिलेत.

दोरिओन, तू त्या दिवशी काही पाहिलं नव्हतंस. हे आता फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. मी काय पाहिलं ते तर तुलाही माहीत नाही.

आधी थोडं मागचं लिहू दे. एकदम मुद्द्यावर यायला मला कधीच जमलं नाही, तू म्हणायचास की मिर्ताले पाण्याला जाते ती गावाला वळसा घालून. तू आलास तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तुझ्याजवळ कांस्याची एक काठी, एक ओळंबा, गुरुजींचं पत्र आणि उन्हाने सोललेलं नाक. बाबा म्हणाले, अलेक्झांड्रियाच्या लोकांना काय उद्योग नाही, सावली मोजायला वीस दिवस नदीने येतात. तू त्यांना काका म्हणून हाक मारलीस आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या लंगड्या पायाची हकीगत पूर्ण ऐकून घेतलीस. छावणीतल्या कुणीही ती अर्ध्यात न उठता ऐकलेली नव्हती. तिथेच तू घरातला झालास. आई तुला आमच्या बोलीत चिडवायची, तुला कळायचं नाही, तरी तू हसायचास. काठी तू अंगणात रोवलीस, पण म्हणालास की हिचा इथे उपयोग नाही, सावली इतकी आखूड होते की काठीच्या बुडातच विरून जाते, डोळ्याला कळणार नाही. म्हणून विहीर हवी. जितकी खोल विहीर तितकी बारीक चूकही तळाशी मोठी होऊन दिसते. पूर यायच्या आधी आमच्या विहिरीचं पाणी सगळ्यांत खोल गेलेलं असतं, त्यामुळे तुला ती फार आवडली. मोठ्या दिवसाला तेव्हा चाळीस दिवस होते. त्या चाळीस दिवसांत तू मला लिहायला शिकवलंस. पाण्याला येणाऱ्या बायकांचे घडे फुटायचे, त्यांच्या खापऱ्या आपण वेचायचो.

आणि ते खरबूज. आठवतं ना? मी विचारलं होतं, विहिरीत डोकावून पृथ्वी कशी मोजायची, सांग मला. तू बाजारातून खरबूज आणलंस, त्यात बाभळीचे दोन काटे टोचलेस, एक वर, एक थोडा खाली, आणि ते उन्हात धरलंस. म्हणालास, हा काटा सिएने, ह्याला सावली नाही. हा अलेक्झांड्रिया, ह्याला आहे. का? कारण खरबूज गोल आहे. त्या सावलीचा कोन म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधलं अंतर पन्नासदा घेतलं की झाली पृथ्वी. पावलं मोजणारे लोक आहेत, त्यांनी अंतर काढलंय, पाच हजार स्टेडिया. मी म्हटलं, आणि ह्या काट्याला थोडीशी सावली असली तर? तू गंभीर झालास. म्हणालास, मग सगळंच हलतं, इथली नखभर चूक तिथे पन्नास नखं होते. नंतर आपण ते खरबूज कापून खाल्लं. काटे काढायला तू विसरलास आणि एक माझ्या हिरडीत रुतला. ती जागा मला अजून जिभेने सापडते.

मोठ्या दिवसाच्या आठ दिवस आधी तुझे डोळे आले. इथे धुळीने सगळ्यांचे येतात, पण तुझे फारच. पापण्या चिकटून बसल्या, पू यायला लागला. आईने मधाच्या पट्ट्या बांधल्या आणि दहा दिवस सोडायच्या नाहीत, उजेड लागला तर डोळा जाईल, असं बजावलं. तू लहान मुलासारखा रडलास. डोळ्यांसाठी नव्हे, त्या दिवसासाठी. गुरुजींनी तुला ह्या एकाच कामावर पाठवलं होतं, आणि तो दिवस वर्षातून एकदा येतो.

त्या दिवशी पहाटेपासून बाबांनी विहिरीवर कुणाला येऊ दिलं नाही. फाटकाशी काठी घेऊन बसले आणि बायकांच्या शिव्या खात राहिले. पाणी हललं की तळचं काही दिसत नाही, म्हणून आम्ही ते शांत राहू देतो, त्यालाच पाणी निजवणं म्हणतो. काठावर आपण दोघंच. डोळ्यांना पट्टी बांधलेला तू गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हात दगडावर. मी अंगणातल्या काठीकडे बघत होते. सावली बुडात शिरली तशी मी ओणवी झाले आणि खाली पाहिलं. सूर्य पाण्यात होता. सगळं पाणी उजळलं होतं. फक्त दक्षिणेच्या भिंतीलगत, कडेकडेने, एक काळी कोर होती, खरबुजाच्या सालाएवढी बारीक. वरून नखभर दिसत होती. मी डोळे चोळले, डोकं सरकवलं, माझीच सावली नाही ना पाहिलं. माझी नव्हती. तू विचारलंस, "मिर्ताले, आहे का?" मी म्हटलं, नाही. तू विचारलंस, "नक्की? अजिबात नाही?" मी हसले. हसून म्हटलं, "अरे, लख्ख आहे सगळं, तुझ्या खरबुजाची शपथ."

का म्हटलं, ते मी वर्षानुवर्षं स्वतःला असं सांगत आले: तू आधीच बोलून गेला होतास की सावली निघालीच तर आणखी दक्षिणेला, ओढीच्या पलीकडे, जिथे ती अजिबात पडत नाही ती जागा शोधत जावं लागेल आणि पुढच्या वर्षीच्या मोठ्या दिवसापर्यंत तिकडेच राहावं लागेल. त्या डोळ्यांनी, त्या उन्हात, जिथे वैद्य नाही की मध नाही. माझा भाऊ तिकडे तुकडीबरोबर गेला तो परत आला नव्हता. म्हणून मी तुझे डोळे वाचवले. असं मी स्वतःला सांगत आले आणि मला ते खूप पटत आलं.

*

चार दिवस लिहिलं नाही. वर लिहिलंय ते पुन्हा वाचलं आणि स्वतःचाच राग आला. एवढं खर्चिक पान खोटं बोलण्यात घालवलं. डोळ्यांचं कारण खोटं आहे, दोरिओन. म्हणजे ते होतं, पण दुसऱ्या रांगेत होतं.

त्या मोठ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तू मला काय म्हणाला होतास ते तू विसरला असशील. आई आत डाळ घोटत होती. तू पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी माझा हात चाचपडत धरलास आणि म्हणालास, उद्या काम फत्ते झालं की पुराच्या पहिल्या पाण्याबरोबर उतरतो, गुरुजींना सांगतो आणि पाणी ओसरायच्या आत परत येतो, काकांशी बोलायला. पाणी ओसरायच्या आत. म्हणजे चार महिने. आणि सावली निघाली असती तर एक वर्ष दक्षिणेत, मग अलेक्झांड्रिया, मग परत. दोन वर्षं. मी ओणवी होऊन ती कोर पाहिली तेव्हा तुझे डोळे माझ्या मनात आले नाहीत. पृथ्वी तर मुळीच आली नाही. माझ्या मनात चार महिने आणि दोन वर्षं एवढंच आलं. सावली मी गिळली ती माझ्यासाठी.

पूर आला, तू उतरलास. मी काठावर उभी होते. पाणी ओसरलं. पुन्हा पूर आला. मग तुझं पत्र आलं, बाबांच्या नावाने. बाबांना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. सगळं अंगणच ऐकत होतं. त्यात तू बाबांच्या पायाची चौकशी केली होतीस, आईला मधासाठी धन्यवाद दिले होतेस, डोळे पूर्ण बरे झाल्याचं कळवलं होतंस. मग लिहिलं होतंस की भर सभेत मी उभा राहून सांगितलं, सावली अजिबात नव्हती, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी मान्य केलं. एका बाईला बघायला लावलं असं कसं सांगणार होतास म्हणा, तेही मला कळलं. आणि शेवटी, गुरुजींच्या ओळखीच्या घरातल्या मुलीशी लग्न ठरल्याची बातमी. मी ती त्याच आवाजात वाचली. बाबा म्हणाले, चांगलं झालं, पोरगा मार्गी लागला. आईने माझ्या हातातलं पत्र घेऊन गुंडाळून ठेवलं.

आता जे लिहितेय ते लिहायला मला हे चार दिवस लागले. त्या वेळी मला वाईट वाटलं ते सगळ्यांनाच वाटतं, त्यात काही नाही. पण त्यानंतर मला बरं वाटलं. आतून, गार पाण्यासारखं बरं. म्हटलं, बस आता माझ्या खोट्यावर. तुझी जागा, तुझं नाव, तुझी नवी बायको ज्या नावाला भुलली ते नाव, सगळं माझ्या एका 'नाही'वर उभं आहे, आणि मी तोंड उघडलं की पडेल. मी तेव्हाच पत्र लिहू शकले असते. तेव्हा फार काही बिघडलं नसतं, तू तरुण होतास, पट्टी होती, चूक झाली म्हणून सुटला असतास. मला लिहिता येत होतं, तूच शिकवलं होतंस. पण मी मुद्दाम गप्प बसले. आणि दर मोठ्या दिवशी, बायका पाण्याला यायच्या आत, जाऊन डोकावत राहिले. लग्न झालं तरी, ताएसे पोटात असताना सुद्धा. दर वर्षी ती कोर तिथेच असायची, आणि मी समाधानाने घरी यायचे. पखनूम म्हणायचा, तुझं त्या विहिरीत काय पुरलंय? तो भला माणूस होता. त्याला सांगितलं असतं तर त्याने मला धरून पत्र लिहायला बसवलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

समाधान किती वर्षं टिकलं ते सांगता येत नाही. कधीतरी ते आंबलं. एका वर्षी मी डोकावले आणि मला नुसती लाज वाटली. पण तोवर इतका उशीर झाला होता की लाजेपोटीच गप्प बसणं सोपं झालं. आज तिमार्खोस हसत हसत सांगत होता, की थोरल्या गुरुजींनी, म्हणजे तुझ्या गुरुजींनी, शेवटी पृथ्वीच्या घेराच्या दोन लाख पन्नास हजारांवर आणखी दोन हजार स्टेडिया टाकले, साठाने नीट भाग जावा म्हणून. मीही हसले. म्हटलं, तुमचे थोरले गुरुजी दोन हजार सहज वर टाकतात, इथे माणूस नखभर खाली ठेवून आयुष्यभर झिजतं. त्याला अर्थातच काही कळलं नाही.

आणखी एक कबूल करते, कारण आता अर्धवट सांगण्यात अर्थ नाही. गेले पाच दिवस मी एक बेत करतेय. तुला वाचवायचा. ऐन दुपारी तो ओणवा झाला की मी पलीकडून बादली सोडायची, दोर निसटला म्हणून. पाणी ढवळेल, शांत होईपर्यंत सूर्य सरकलेला असेल, आणि तो म्हणेल, दिसलं तेवढं लख्ख होतं. सोपं आहे. ताएसेला मी दोर नीट बांधू नकोस असंही सांगून ठेवलंय. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तू गाठी सैल ठेवायला सांगतेस? तू? तुला बरं नाही का?" मोठ्या दिवसाला आता पाच दिवस आहेत.

*

मोठा दिवस काल झाला. सगळं जसं झालं तसं लिहिते.

पहाटेपासून ताएसे फाटकाशी बसली, बाबांच्याच काठीनिशी, आणि शिव्या खाण्याऐवजी तीच चार देऊन आली असेल. पाणी निजलं. तिमार्खोसने अंगणात तुझ्यासारखीच काठी रोवली होती, तुझी नक्कल करतो तो, उभं राहण्यात सुद्धा. ऐन वेळी तो तुझ्याच जागी ओणवा झाला. बादली माझ्या हाताशी होती. दोराची गाठ सैल होती. मी ती उचलली नाही. का नाही ते मला सांगता येणार नाही. माझे हात गुडघ्यांवर होते आणि तिथेच राहिले. मला वाटतं, मला पुन्हा एकदा त्याच विहिरीशी तेच करवेना.

तो बराच वेळ बघत होता. मी पलीकडून, माझ्या उजव्या डोळ्याने, खाली पाहिलं. होती. दक्षिणेच्या भिंतीलगत, तशीच, तेवढीच. मला त्याचा चेहरा दिसत होता. मी त्याच्या तोंडातून शब्द यायची वाट बघत होते. तो वर उठला, गुडघे झटकले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "लख्ख. गुरुजींनी लिहिलंय अगदी तसं." मग मला हसत विचारलं, आपलं गमतीने, "काय आजी, आहे का सावली?"

मी म्हटलं, आहे.

तो हसला. मी पुन्हा म्हटलं, आहे, दक्षिणेच्या कडेला बघ, नखभर आहे, अजून दिसेल, बघ. तो माझ्या शब्दाखातर पुन्हा वाकला, देवाला नमस्कार करायला वाकावं तसा, आणि वर आला. म्हणाला, "ती दगडाची ओल आहे, आजी. शेवाळ." मी म्हटलं, शेवाळ मी दर महिन्याला खरवडते. मग त्याने माझा हात धरला, मायेने धरला रे, आणि म्हणाला, "तुमचा डावा डोळा बघा कसा झालाय. उजव्याचं काय सांगावं? आणि ज्यांनी स्वतः बघितलं त्यांनी लिहून ठेवलंय ना." मी म्हटलं, त्यांनी बघितलं नव्हतं, डोळ्यांना पट्टी होती, मी बघितलं होतं. हे मी बोलून गेले, तुला न विचारता, तुझ्या शिष्यासमोर. तुझ्या एकतीस वर्षांवर मी एका दमात पाणी ओतलं. पण काही झालं नाही. तो रागावला सुद्धा नाही. ताएसेला बाजूला घेऊन म्हणाला, आईंना उन्हातून आत न्या, थोडं पाणी पाजा.

संध्याकाळी त्याने माझ्यादेखत लिहिलं: सिएनेच्या विहिरीत सावली आढळली नाही. खाली नाव घातलं, तारीख घातली. ती ओळ मला वाचता आली. त्याच्या डोळ्यांत काही दोष नाही, दोरिओन. माझ्या अर्ध्या डोळ्याला दिसलं ते त्याच्या दोन धडक्या डोळ्यांना दिसलं नाही, कारण तो तुझं बघायला आला होता. मी तुला फसवलं, तुझ्या तोंडून ते जगाला फसवत गेलं, आणि आता ते इतकं पक्कं झालंय की माझ्याही हाती राहिलेलं नाही.

*

आज शेवटचं. उद्या तिमार्खोसची होडी सुटतेय, आणि हे पत्र मी त्याच्याच हाती देणार आहे, मोहोर लावून. त्याला वाटतंय म्हातारीने गुरुजींना आशीर्वाद पाठवलेत. तू घाबरू नकोस, तुझं नाव सुरक्षित आहे. रोडसच्या गृहस्थाचं तोंड बंद होईल. तू हे पत्र चुलीत घातलंस तर कुणाला काही कळणार नाही, आणि मी तुला दोष देणार नाही, कारण तो द्यायला मला तोंड नाही.

पण ताएसेला मी सगळं सांगितलं. ती मला खूप बोलली. बरंच काही बोलली ते इथे लिहीत नाही, सगळं खरं होतं. मग म्हणाली, नुसतं रडून काय होणार, मोजली का तू ती कधी? एकतीस वर्षं डोकावलीस, एकदा तरी मोजलीस? मी मोजली नव्हती. मला ती आहे एवढंच हवं होतं, केवढी आहे ते कधी नको होतं. मोठ्या दिवसानंतर दोन-तीन दिवस ऐन दुपारचा सूर्य रोज जवळजवळ त्याच जागी येतो, हे तूच सांगितलं होतंस. म्हणून आज पुन्हा पाणी निजवलं, आणि ताएसे ऐन दुपारच्या आधी भिंतीतल्या खोबण्यांत पाय देत खाली उतरली, कमरेला दोर बांधून, उत्तरेच्या बाजूने, म्हणजे तिची स्वतःची सावली मधे यायला नको. दोर मी धरला होता, गाठ घट्ट होती. तिने पाण्याच्या पातळीला, भिंतीपासून सावलीच्या कडेपर्यंत, तागाचा धागा ताणून धरला. खालून ओरडून म्हणाली, "आई, हिला नखभर कोण म्हणालं? तीन बोटं आहे." मी काठावर बसून राहिले. तीन बोटं. मी एका नखाचं ओझं वाहत होते. काठापासून पाण्यापर्यंतची खोलीही तिने दोराने मोजली, चौदा हात आणि वर एक वीत. एवढ्यावरून तुला कोन काढता येईल, मला येत नाही.

म्हणजे हे पत्र का लिहिलं ते आता लिहिते. आधी वाटलं होतं तुला सावध करायला, मग वाटलं मन हलकं करायला, माफी मागायला. माफ कर म्हणायचाही मला आता संकोच वाटतो, ती तुझी तू बघ. मी लिहिलं ते एवढ्यासाठी, की माझा 'नाही' तुझ्या तोंडून गेला म्हणून लोकांनी तो घेतला, आणि माझा 'आहे' माझ्याच तोंडून गेला म्हणून तो कुणी घेतला नाही. तो 'नाही' परत घ्यायचा असेल तर आता तूच घेऊ शकतोस. पुढच्या वर्षी माझा उजवा डोळाही गेलेला असेल. तू 'मी पाहिलं नव्हतं' असं म्हटलंस, तर तुझं काय होईल ते मला ठाऊक आहे, आणि मीच तुझ्यावर ते आणलंय. हे मागताना मला किती लाज वाटतेय ते ह्या अक्षरांवरून कळेल, शेवटच्या ओळी बघ कशा उतरल्यात. पत्रासोबत तो धागा आहे, दोन गाठींमधलं अंतर म्हणजे सावली. धागा पाण्यात भिजलेला होता, तुझ्यापर्यंत येईतो वाळून आखडेल, म्हणून त्याच मापाच्या दोन रेघा मी खापरीवरही ओढल्यात, तीही सोबत आहे. दोन्ही जुळली नाहीत तर खापरीवरचं धर.

हक्क राहिला नाही, तरी दुसरं काय लिहायचं ते सुचत नाही,
तुझीच,
मिर्ताले